कंपनी ‘स्ट्राइक ऑफ’ होते (सरकारी नोंदीतून नाव निघतं) तेव्हा: या चुका टाळा

“धंदाच नाही, मग रिटर्न कसले भरायचे?” प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून ती तशीच सोडून देणाऱ्यांचं हे ठरलेलं उत्तर. सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. उलाढाल शून्य असली तरी एओसी-४ (हिशेबाची पत्रकं) आणि एमजीटी-७ (वार्षिक रिटर्न; छोट्या कंपनीला ७ए) हे फॉर्म दरवर्षी भरावेच लागतात. वार्षिक सभेनंतर पहिल्याला ३० दिवस, दुसऱ्याला ६०. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर रखडले तर नुसती लेट फी ७३,००० रुपये. सीएची फी वेगळी.

सलग तीन आर्थिक वर्षं ही कागदपत्रं गेली नाहीत, तर कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) नुसार संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. “मेव्हण्याच्या कंपनीत नुसतं नाव दिलंय” म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. मेव्हण्याने फॉर्म भरले नाहीत, तर तुमच्या स्वतःच्या चालत्या कंपनीतलं संचालकपदही जातं.

दुसरी चूक पत्त्याची. दोन वर्षं कामकाज नसलं की आरओसी (कंपनी निबंधक कार्यालय) कलम २४८ खाली नाव काढण्याची नोटीस काढतं आणि उत्तराला ३० दिवस देतं. ऑफिस सोडलं पण नोंदणीकृत पत्ता बदललाच नाही, तर ती नोटीस तुमच्या हाती येणार कशी? कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवरचा ईमेलही बघा, तो बऱ्याचदा जुन्या सीएचाच असतो.

“आपोआप बंद झाली, सुटलो” हाही गैरसमज. नाव निघालं की येणी वसूल करणं आणि देणी फेडणं, एवढ्यापुरतीच कंपनी उरते. त्या नावाने नवी बिलं फाडू नका. संचालकांची देणेदारी मात्र कायम राहते, कलम २४८(७) तसं स्पष्ट सांगतं.

कंपनी परत उभी करायची तर एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जावं लागतं. आरओसीच्या आदेशावर अपिलाला तीन वर्षं; कंपनी, सभासद किंवा धनको २० वर्षांपर्यंत अर्ज करू शकतात. धंदा चालू होता हे दाखवायला बँक स्टेटमेंट, जीएसटी आणि आयकर रिटर्न जपून ठेवा. नाव परत आलं तरी थकलेले सगळे फॉर्म लेट फीसकट भरायचे असतातच.

कंपनी नकोच असेल तर देणी मिटवून, थकलेले फॉर्म भरून स्वतःच एसटीके-२ (नाव काढण्याचा अर्ज) टाका. फी १०,००० रुपये. पुढे कधीतरी चालवायची असेल तर कलम ४५५ खाली ‘डॉर्मंट’ (निष्क्रिय कंपनीचा) दर्जा घ्या. त्यातही वर्षाला एमएससी-३ (निष्क्रिय कंपनीच्या रिटर्नचा फॉर्म) भरावा लागतो.