फिरता फिरता गणित शिकायचंय? मग या चुका टाळा

गेली सहा-सात वर्षं सुट्टीच्या दिवशी सकाळी मी आसपासच्या मुलांना घेऊन फिरायला जाते आणि वाटेत जे दिसेल त्यातलं गणित आम्ही करतो. झाडाची उंची, जिन्याच्या पायऱ्या, फरशीचे आकार, गाड्यांचे नंबर, जे हाती लागेल ते. आता बरेच जण हे करायला लागलेत याचा आनंदच आहे, पण महिन्याभरात फोन येतो की मुलं यायला नको म्हणतात. नेमकं काय केलंत हे जरा खोदून विचारलं की दर वेळी त्याच त्या गोष्टी निघतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

उत्तराची घाई

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून येतात.

एकदा बारा मुलं होती, चार-चार जणांचे तीन गट केले आणि एका उंच सरळसोट झाडाची उंची काढायला सांगितली. दोन गटांना सावलीची पद्धत दिली. एक मीटरची काठी उभी धरायची, तिची सावली मोजायची, झाडाची सावली मोजायची, दोन्ही त्रिकोण समरूप, म्हणून झाडाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागलं की उंची मीटरमध्ये मिळते. तिसऱ्या गटाला चौरस कागद कर्णावर दुमडून दिला, म्हणजे ४५ अंशांचा कोन हातात आला. त्याची खालची बाजू जमिनीला समांतर धरायची, तिरक्या कडेवरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं आणि मग बुंध्यापर्यंतचं अंतर मोजायचं, ४५ अंशांना जेवढं अंतर तेवढीच उंची.

उत्तरं आली १५.९ मीटर, १०.३ मीटर आणि ९.६ मीटर. एकाच झाडाची!

मला मनातून फार बरं वाटलं, कारण खरं गणित इथून सुरू होतं. मुलं एकमेकांच्या वह्या ओढून बघायला लागली. एक मुलगी मात्र वहीत बघतच नव्हती, ती मान वर करून झाडाला लागून असलेल्या बिल्डिंगचे मजले मोजत होती. म्हणाली, "काकू, झाड गच्चीच्या जरासंच वर आहे आणि बिल्डिंग तीन मजल्यांची आहे. सोळा मीटर म्हणजे पाच मजले होतील ना?" एक मजला साधारण तीन मीटरचा धरायचा हे तिचं तिनेच ठरवलं होतं. आणि नेमकं त्याच क्षणी सोबत आलेल्या एका मुलाच्या बाबांनी फोन वर धरला, कुठल्याशा ॲपमध्ये झाड पकडलं आणि मोठ्याने सांगितलं, "अकरा पॉइंट दोन. झालं, चला पुढे."

काठ्या खाली पडल्या. कोण कुठे चुकलं हे कुणालाच आता जाणून घ्यायचं नव्हतं, उत्तर मिळालं होतं ना. त्या मुलीने वही बंद करून पिशवीत टाकली ते मला अजून दिसतं. त्या बाबांचा हेतू वाईट नव्हता, पण अशी मदत करण्यापेक्षा घरी थांबलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या आठवड्यात मी फोन पिशवीत ठेवायला लावले आणि मुलांना परत त्याच झाडाखाली नेलं, यावेळी फक्त आधीच्या चुका शोधायला. पहिल्या गटाने आठ वाजता झाडाची सावली मोजली होती, २३.५ मीटर, मग टेप कोण धरणार यावर भांडण झालं आणि काठीची सावली मोजेपर्यंत आठ चाळीस झाले. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. चाळीस मिनिटांत काठीची सावली २.१४ वरून १.४८ मीटरवर आली होती, त्यामुळे अकरा मीटरचं झाड सोळाचं झालं. दुसऱ्या गटाची काठी सावलीच्या बाजूला कलली होती, पटकन लक्षात येणार नाही इतकीच, दहा अंश असेल, पण तेवढ्याने काठीची सावली लांबली आणि झाड बुटकं झालं. तिसऱ्या गटाचं सगळं बरोबर होतं, फक्त ४५ अंशांचा त्रिकोण जमिनीपासून नाही तर डोळ्यापासून सुरू होतो हे विसरले होते. मुलांचा डोळा जमिनीपासून १.४ मीटरवर, ९.६ मध्ये ते मिळवले की ११. हे त्यांनी स्वतः शोधलं आणि मी एक शब्द बोलले नाही, माझ्यासाठी तेच सगळ्यात अवघड होतं.

तेव्हापासून माझ्या काही सवयी पक्क्या झाल्यात. एक मूल काठीपाशी, एक सावलीच्या टोकापाशी खडू घेऊन, आणि "आत्ता!" म्हटलं की दोघांनी एकदम खूण करायची, मग मापं सावकाश घ्या. काठीशेजारी दोऱ्याला दगड बांधून धरायचा, गवंड्याचा ओळंबा असतो तसा. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी खुंटी, उभा करून सावलीवरून दिशा आणि वेळ काढायची आपली पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे, पण शंकू सरळ उभा नसेल आणि जमीन सपाट नसेल तर पद्धत कितीही जुनी असो, उत्तर चुकणारच. झाडाची सावली बुंध्याच्या मध्यापासून धरायची, म्हणून खोडाचा घेर मोजून ६.२८ ने (२π) भागायचं आणि तेवढं मिळवायचं. आणि छत्रीसारखं पसरलेलं झाड सुरुवातीला घेऊच नका, त्याच्या सावलीचं लांबचं टोक शेंड्याचं नसतं, बाजूच्या एखाद्या फांदीचं असतं. नवख्यांनी दिव्याचा खांब घ्यावा.

सगळ्यात महत्त्वाची सवय म्हणजे माप घेण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, पेनने. खोडायला परवानगी नाही. त्या मुलीने मजले मोजले तो अंदाजच होता आणि सोळा चूक आहे हे सगळ्यात आधी त्या अंदाजालाच कळलं होतं.

जिथे तिथे फिबोनाची

हे ऐकलं की माझं डोकं तापतं. कुठलातरी व्हिडिओ बघून लोक मुलांना सांगतात की निसर्गात सगळीकडे १, १, २, ३, ५, ८, १३ याच फिबोनाची संख्या (आधीच्या दोन मिळवल्या की पुढची) असतात, चला शोधू. एका फेरीत एक लहान मुलगा फुलं गोळा करून पाकळ्या मोजत होता. पाच निघाल्या की खिशात, चार निघाल्या की फेकून. विचारलं तर म्हणाला, "हे चुकीचं फूल आहे." इतकं वाईट वाटलं मला. फूल कसं चुकेल? मोहरीच्या कुळातल्या फुलांना चारच पाकळ्या असतात, लिलीला सहा दिसतात. जे जुळत नाही ते फेकून द्यायचं हे त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने शिकवलं होतं, आणि हे शिकवण्यापेक्षा गणित न शिकवलेलं परवडलं.

खरी गंमत आहे ती सूर्यफुलात आणि पाइनच्या शंकूत, पण त्याला वेळ द्यावा लागतो. पाइनच्या शंकूला बुडाकडून बघा, खवल्यांच्या वळणाऱ्या ओळी दोन्ही दिशांनी जातात. एका दिशेच्या ओळी मोजताना पहिल्या ओळीला रंगाचा ठिपका द्या, नाहीतर गोल फिरून परत तिथेच येता आणि कळत नाही. बऱ्याचदा एकीकडे ८ आणि दुसरीकडे १३ येतात. मोठ्या सूर्यफुलात ३४ आणि ५५. कारण असं की वाढताना प्रत्येक नवीन कोंब आधीच्यापासून साधारण १३७.५ अंश वळून येतो, तिथे जागा सगळ्यात मोकळी मिळते, आणि त्या कोनामुळे या संख्या दिसतात. म्हणजे झाडाला आकडे पाठ नाहीत, जागेची अडचण आहे. हे समजलं की मुलांना न जुळणारं फूलही बघावंसं वाटतं.

माझा नियम सोपा आहे. जे मोजाल ते दहा मोजा आणि दहाच्या दहा लिहा.

याच संख्या जिन्यावर जास्त प्रामाणिकपणे भेटतात. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायची मुभा असेल तर चार पायऱ्यांचा जिना किती प्रकारे चढता येईल? मुलांना चढू द्या खरोखर. १-१-१-१, १-१-२, १-२-१, २-१-१, २-२, पाच प्रकार. मधला १-२-१ हमखास सुटतो. पाच पायऱ्यांना आठ, दहा पायऱ्यांना ८९. कवितेत लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून ठरावीक मात्रांच्या ओळी किती बनतात हे जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात मोजलं होतं, फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा, आणि हेमचंद्राच्याही आधी छंदशास्त्रकार विरहांकाने हे सांगितलं होतं. पण हे नाव-गाव नंतर. आधी पाय दुखू देत.

बाकीच्या, थोडक्यात

पावलाने अंतर मोजताना एकच पाऊल मोजून गुणाकार करू नका, मोजायचं म्हटलं की सगळेच ऐटीत लांब टाकतात. वीस पावलं नेहमीसारखी चाला आणि वीसने भागा.

चढाचे टक्के म्हणजे अंश नव्हेत. १०० टक्के चढ म्हणजे ४५ अंश, उभी भिंत नव्हे. १० टक्के चढ जेमतेम पावणेसहा अंशांचा असतो आणि तेवढ्यातही धाप लागते.

जाताना ताशी ४ किलोमीटर आणि त्याच रस्त्याने येताना ६, तर सरासरी ५ नाही, ४.८. कमी वेगाने जास्त वेळ चाललात ना! १२ किलोमीटर धरून बघा, तीन तास आणि दोन तास, २४ भागिले ५.

गटाराचं झाकण गोल का, तर आत पडत नाही म्हणून, एवढं पाठ करून पुढे जाऊ नका. चौकोनी झाकण का पडेल ते काढायला लावा. ६० सेंटिमीटर बाजू असेल तर कर्ण जवळजवळ ८५ येतो, म्हणजे झाकण उभं करून कर्णाच्या दिशेने धरलं की सरळ आत.

फरशी बघताना "पंचकोन बसतच नाहीत" असं सांगणारे फार भेटतात. नियमित पंचकोन बसत नाही, १०८ अंशांचे तीन कोन ठेवले की ३६ अंशांची फट राहते. पण लहान मूल घर काढतं ना, चौकोनावर त्रिकोण, तो पंचकोन आरामात बसतो. कागद कापून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. अशा बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत खाच नसलेल्या, पंचकोनांचे १५ प्रकार आज माहीत आहेत.

दोन खांबांमधली लोंबती तार म्हणजे अन्वस्त (पॅराबोला) नव्हे, तिला कॅटेनरी म्हणतात. दिसायला इतकी सारखी की गॅलिलिओनेही दोन्ही जवळजवळ एकच मानले होते, खरं समीकरण १६९१ मध्ये हायगेन्स, लाइबनिझ आणि योहान बर्नुली यांनी काढलं. तेव्हा मुलाने अन्वस्त म्हटलं तर ओरडू नका.

बागेतल्या सगळ्या वाटा प्रत्येकी एकदाच चालून होतील का, हा खेळ छान आहे, कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांवरून गणिती ऑयलरने १७३६ मध्ये सोडवला तोच. प्रत्येक चौकात किती वाटा मिळतात ते मोजायचं, विषम संख्येचे चौक शून्य किंवा दोन असतील तरच जमतं. इथे हमखास चूक एकच, आडवाटेचं बंद टोक मोजायचं राहतं. तिथे एकच वाट असते आणि एक ही विषम संख्या आहे.

आणि एका फेरीत दहा गोष्टी कोंबू नका. तासाभरात दोन खूप झाल्या, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. नवीन लोकांना मोठी यादी करायची फार हौस असते, मी यादी मागून घेते आणि दोन सोडून बाकी सगळ्यावर रेघ मारते.

ढगाळ दिवशी सावली नसते म्हणून फेरी रद्द करणारेही आहेत. अशा दिवशी आम्ही रस्त्यापासून लांब, कट्ट्यावर बसून गाड्यांच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे लिहितो. विचारायचं, शंभर शक्यता आहेत, तर कुठल्याही दोन गाड्यांचे हे आकडे सारखे निघायला, म्हणजे जोडी मिळायला, किती गाड्या जाव्या लागतील? सगळे पन्नासच्या आसपास सांगतात. सगळे आकडे सारख्याच शक्यतेने येतात असं धरलं तर तेराव्या गाडीपर्यंतच जोडी सापडायची शक्यता निम्म्याहून जास्त असते आणि वीस गाड्यांत ८७ टक्क्यांच्या आसपास. फक्त पहिल्याच प्रयत्नात पाचव्या गाडीला जोडी मिळाली म्हणून उठू नका, आणि वीस गाड्या जाऊन मिळाली नाही म्हणून गणित खोटंही ठरवू नका. वीस-वीसच्या दहा फेऱ्या करा. आमच्या मागच्या वेळी दहापैकी नऊ फेऱ्यांत जोडी मिळाली, आणि न मिळालेली फेरी मुलांनी स्वतःहून वहीत लिहिली.