भगंदराच्या शस्त्रक्रियेनंतर: आजार उलटू नये म्हणून काय पाहावे, काय विचारावे

भगंदराची जखम वरून कोरडी पडली म्हणजे आजार गेला, असे समजून बहुतेक रुग्ण डॉक्टरांकडे जाणे थांबवतात. गुदमार्गाच्या आतल्या बारीक ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन गळू होते आणि तो पू त्वचेपर्यंत वाट काढतो; ही वाट म्हणजेच भगंदर. या वाटेचे आतले तोंड किंवा तिला फुटलेली एखादी फांदी शस्त्रक्रियेत राहून गेली, तर बाहेरचे तोंड बुजल्यावरही आत पू साचत राहतो. त्यामुळे ज्याला आपण ‘भगंदर पुन्हा झाले’ म्हणतो, ते पुष्कळदा मुळात पूर्ण बरे झालेलेच नसते.

म्हणून पहिले काम कागदाचे आहे. डिस्चार्ज कार्डावर अनेकदा शस्त्रक्रियेचे नाव आणि औषधे एवढेच असते. तेवढ्यावर समाधान न मानता शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्यावी. आतले तोंड नक्की सापडले का, गुदद्वार ही घड्याळाची तबकडी मानली तर ते कितीच्या आकड्यापाशी होते, वाट स्फिंक्टर म्हणजे शौच रोखून धरणाऱ्या स्नायूच्या किती भागातून जात होती, फांद्या होत्या का, आत सेटनचा दोरा (पू वाहता राहावा म्हणून वाटेतून ओवलेला दोरा) ठेवला आहे का आणि काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवला का, हे सर्व त्यात असायला हवे. पुढे कधी दुसऱ्या सर्जनकडे जावे लागले, तर एखाद्या जाड फाइलपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडते.

यशाची शक्यता किती, हे वाट कुठून गेली आहे आणि कोणती शस्त्रक्रिया झाली आहे यावर ठरते. वाट उथळ असेल आणि ती उघडी करून जखम भरू दिली असेल, म्हणजे फिश्चुलोटॉमी झाली असेल, तर १० पैकी ९ किंवा त्याहून अधिक रुग्ण बरे होतात. वाट उंचावरून, स्नायूच्या मोठ्या भागातून जात असेल तर ती तशी उघडता येत नाही, कारण शौचावरचा ताबा जाण्याचा धोका असतो. अशा वेळी लिफ्ट (स्नायूंच्या थरांमध्ये वाट बांधून तोडणे) किंवा फ्लॅप (आतले तोंड अस्तराच्या पदराने झाकणे) यांसारख्या स्नायू वाचवणाऱ्या पद्धती वापरतात आणि त्यांचे यश साधारण १० पैकी ६ ते ८ रुग्णांत दिसते. वाट चिकट पदार्थाने किंवा बुचाने बंद करणाऱ्या ग्लू आणि प्लग यांचे निकाल बहुधा याहून कमी आणि ठिकाणागणिक बरेच वेगळे असतात. क्षारसूत्राची, म्हणजे वाटेत बांधायच्या आयुर्वेदिक औषधी दोऱ्याची, शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासात क्षारसूत्रानंतर आजार उलटण्याचे प्रमाण ४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळले. मात्र क्षारसूत्राने बरे व्हायला वेळ जास्त लागला. ‘शंभर टक्के खात्री’ अशी जाहिरात कोणत्याही पद्धतीची असो, तिच्यापासून लांब राहिलेले बरे.

उघडी ठेवलेली जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची त्वचा आधी जुळली आणि खाली पोकळी राहिली, तर तेथेच पुन्हा पू धरतो. त्यासाठीच तपासणीत डॉक्टर जखमेच्या कडा हलकेच बाजूला करून तळ पाहतात, आणि दुखते म्हणून ही तपासणी टाळू नये. शौचानंतर जागा पाण्याने धुवावी, दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसावे आणि पाणी व इसबगोल यांनी शौच मऊ राखावे. जुलाब होतील इतके रेचक मात्र घेऊ नये. जखम भरायला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात गॉजवर दिसणारा पातळ पिवळसर किंवा किंचित लालसर स्राव दिवसेंदिवस कमी होत असेल, तर काळजीचे कारण नाही.

काळजी करायची ती उलट्या क्रमाची. आधी कोरडी झालेली जागा पुन्हा ओली होणे, गॉजवर दाट व दुर्गंधी पू दिसणे, बसल्यावर ठणका लागणे, जुन्या व्रणाशेजारी नवी गाठ हाताला लागणे, किंवा गाठ फुटून बरे वाटणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच होणे, या खुणा तारखेसह लिहून ठेवाव्यात. आजार उलटायचा असेल तर तो बहुधा पहिल्या वर्षात उलटतो, म्हणून निदान तेवढा काळ तरी तपासणी सोडू नये. ताप आणि वाढती सूज असेल तर थांबू नये; तो पू त्वरित काढावा लागतो, केवळ अँटिबायोटिकने भागत नाही.

आजार उलटला असे ठरले, तरी लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. आधी एमआरआय करून घ्यावा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुन्हा झालेल्या भगंदरावर शस्त्रक्रिया करताना एमआरआयच्या निष्कर्षांप्रमाणे काम केल्यास आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटते, असे दिसले होते. वारंवार होणाऱ्या भगंदरामागे क्षयरोग किंवा क्रोन्स आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आहे का, हेही तपासावे, कारण तसे असेल तर मूळ आजाराच्या औषधांवाचून जखम भरत नाही. मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि धूम्रपान सोडणे, हे रुग्णाच्या स्वतःच्या हातातले उपाय आहेत.

दीर्घकाळच्या परिणामांत शौचावरच्या ताब्याचा प्रश्न रुग्ण लाजेमुळे सांगत नाहीत. वायू रोखता न येणे, कपड्याला डाग लागणे, घाई झाल्यावर थांबता न येणे, यांपैकी काहीही असेल तर स्पष्ट सांगावे, आणि दुसरी शस्त्रक्रिया ठरण्याआधी तर नक्कीच. प्रत्येक शस्त्रक्रियेत स्नायूचा थोडा भाग जाऊ शकतो. स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूचा स्नायू आखूड असतो आणि प्रसूतीत त्याला इजा झालेली असू शकते, म्हणून ती माहितीही सर्जनला द्यावी. अनेक वर्षे वाहत असलेल्या भगंदरात वेदना वाढल्या, कडक गाठ आली किंवा चिकट, बुळबुळीत स्राव सुरू झाला, तर बायोप्सी करून घ्यावी. जुन्या भगंदरात कर्करोग क्वचितच होतो, पण होतो.