पेट्राला जाताय? या चुका टाळा

जॉर्डनमधल्या पेट्राला जाऊन अल-खझ्ना या कातळात कोरलेल्या प्रसिद्ध वास्तूसमोर फोटो काढायचे आणि तिथूनच मागे फिरायचं, ही सगळ्यात मोठी चूक. अल-खझ्ना ही नबातियन या प्राचीन अरब लोकांच्या शहराची नुसती सुरुवात आहे. पुढे कातळात कोरलेलं नाट्यगृह, भव्य कबरी, खांबांचा रस्ता, आणि आठशेच्या वर पायऱ्या चढून गेलं की अद-दैर, म्हणजे ‘मठ’ म्हणून ओळखली जाणारी डोंगरावरची कोरीव वास्तू. अम्मानहून एका दिवसात जाऊन येतो म्हटलं तर सहा तास गाडीतच जातात. त्यापेक्षा लगतच्या वादी मूसा गावात दोन रात्री राहा. तिकीट एका दिवसाऐवजी दोन दिवसांचं घेतलं तर फरक अगदी थोडा पडतो. जॉर्डन पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा एकत्रित प्रवेश-पास, काढणार असाल तर देशात उतरण्याआधीच ऑनलाइन घ्या; किमान तीन रात्री राहणाऱ्यांना त्यात व्हिसाची फी माफ होते.

जाताना उतार असतो, म्हणून चालणं सोपं वाटतं. संध्याकाळी दमलेल्या पायांनी तोच रस्ता चढून यायचा असतो. पाणी आणि दम त्या हिशेबाने राखून ठेवा. फाटकापासून शहरात नेणाऱ्या सीक या घळीच्या तोंडापर्यंतची घोड्याची फेरी तिकिटातच धरलेली असते, पण बक्षिसी मागतात. किती देणार ते बसण्याआधीच बोलून घ्या. अद-दैरच्या पायऱ्यांवर गाढवावर बसू नका. गुळगुळीत झालेल्या त्या दगडांवर ओझं घेऊन चढताना जनावराचे हाल होतात, ते बघवत नाहीत.

सीक ही सुमारे सव्वा किलोमीटरची अरुंद घळ. तिथे सगळे माना वर करून कडे बघत चालतात आणि खरी करामत नजरेतून सुटते. भिंतीलगत बघा: पाण्यासाठी कोरलेली पन्हळ दिसेल, काही ठिकाणी भाजक्या मातीच्या नळांचे तुकडेही. झऱ्याचं पाणी असं शहरात आणलं आणि पुराचं पाणी घळीच्या तोंडाशीच बांध घालून, बोगदा खोदून दुसरीकडे वळवलं. हे वाळवंटात, दोन हजार वर्षांपूर्वी! पुराचा धोका आजही आहे, म्हणून पावसाचा अंदाज असेल तर आत जाण्याचा हट्ट नको. डोक्यावर ऊन असतानाही लांबच्या डोंगरावरचा पाऊस या घळीत लोंढा आणतो. १९६३ साली अशाच पुरात वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक दगावले. रखवालदार बाहेर काढू लागले तर वाद न घालता निघा.

आपल्याकडची चूक जरा वेगळी. अजिंठा-वेरूळ बघितलेला माणूस कबरीत डोकावतो आणि खट्टू होतो, कारण आत चित्रं नाहीत, मूर्ती नाहीत, नुसत्या चौकोनी खोल्या. इथलं कोरीवकाम दर्शनी भागावर आहे. अल-खझ्नाच्या तर आत जाऊही देत नाहीत. पण उघड्या कबरींत छताकडे बघा: वालुकाश्माचे तांबडे, पिवळे, जांभळट पट्टे लाटांसारखे पसरलेले असतात. अर्धवट राहिलेल्या कबरीही शोधा. वरचा भाग घडवलेला, खाली कातळ तसाच. कैलास लेण्यासारखंच कळसाकडून पायाकडे काम. हात मात्र लावू नका. दगड इतका ठिसूळ की तळव्याला वाळू चिकटून येते.

वेळेचं गणित सोपं आहे. अल-खझ्नावर ऊन सकाळी येतं, अद-दैरवर दुपारनंतर. तीनच्या सुमारास वर पोचा, पण अंधारापूर्वी फाटक गाठण्याइतका वेळ हाताशी ठेवून उतरायला लागा.