रेडिओलॉजीला लागणाऱ्यांसाठी: बेळगावात पहिलं वर्ष कसं काढायचं

नीट पीजीचा निकाल लागला की दरवर्षी कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, ताई रेडिओलॉजी म्हणजे एसीत बसून फिल्म बघायच्या ना, आरामाचं काम ना. एसी आहे हे खरं. सीटीच्या कन्सोलवर तो मशीनसाठी असतो, आपल्यासाठी नाही, त्यामुळे जुलैत बाहेर बेळगावचा पाऊस आणि आत ती थंडी, स्वेटर पहिल्याच दिवशी बॅगेत टाक. आरामाचं मात्र विसर.

ॲडमिशनचं थोडक्यात. डीम्ड युनिव्हर्सिटीची सीट एमसीसीच्या (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) काउन्सेलिंगमधून भरतात, सरकारी कॉलेजच्या निम्म्या सीटा ऑल इंडिया कोट्यात आणि बाकीच्या राज्याच्या केईएकडून (कर्नाटकची परीक्षा-प्रवेश संस्था). एमडी तीन वर्षं, डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) पण तीन, डिप्लोमा दोन. बॉन्ड, स्टायपेंड, हॉस्टेल याचे कागद सही करायच्या आधी घरी बसून वाच, त्या गर्दीत कोण वाचतंय.

आता खरं काम. पहिले सहा महिने तू बहुतेक सोनोग्राफीच्या खोलीत असशील आणि हातात येणाऱ्या फॉर्मवर लिहिलेलं असेल "यूएसजी ॲब्डोमेन पेल्व्हिस, पोटदुखी". एवढंच. कुठे दुखतंय, कधीपासून, उलटी, ताप, काही नाही. ती हिस्टरी तुलाच काढायची आहे, प्रोब लावायच्या आधी.

हे मी शिकले ते चुकूनच. खानापूर बाजूची एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, उजवीकडे खाली दुखतंय म्हणून रात्री आलेली, सोबत सासू. मी पाळीचं विचारलं तर सासूच म्हणाली, "आत्ताच झाली की, आठ दिस झाले असतील", मी पुढे गेले, ब्लॅडर (लघवीची पिशवी) रिकामं होतं, त्यामुळे पेल्व्हिस (ओटीपोट) नीट दिसत नव्हतं, अपेंडिक्स दिसलं नाही, गॅस फार आहे असं लिहून मोकळी. सीनियर आली, तिने प्रोब घेतला आणि लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मध्ये ठेवला, तिथे एक बारीक काळी रेघ होती, म्हणजे पोटात रक्त. मग तिने सासूला "जरा बाहेर थांबता का, पडदा लावायचाय" म्हणून बाहेर काढलं आणि मुलीला हळू विचारलं. दीड महिना होऊन गेला होता. गर्भ ट्यूबमध्ये राहून फुटलेला. तासाभरात ती मुलगी ऑपरेशन थिएटरात (ओटीत) होती, वाचली. मी रात्रभर तीच रेघ बघत होते डोळ्यासमोर, कारण स्क्रीनवर ती मला पण आली होती की, मी शोधत नव्हते म्हणून दिसली नाही.

तेव्हा नियम घालून घे. बाई वयात आलेली असेल तर पाळी तिलाच विचारायची, एकटीला. दुखतंय तिथे तिला एका बोटाने दाखवायला लाव. ब्लॅडर रिकामं असेल आणि पेशंट स्टेबल असेल तर पाणी पाजून थांबव, रिपोर्टात "गॅस" लिहून सुटू नकोस. आणि अपघात असो नसो, रात्रीच्या प्रत्येक पोटदुखीत ती लिव्हर-किडनीमधली जागा, डावीकडे स्प्लीनजवळची जागा आणि पेल्व्हिस एवढं बघितल्याशिवाय उठायचं नाही.

विचारायचं तर भाषा पाहिजे. खानापूर, निपाणी, चंदगडचे लोक मराठीत बोलतील, पण गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडचा म्हातारा कन्नडच बोलणार, गोव्याहून ॲम्ब्युलन्स आली तर कोकणी. चौकात भाषेवरून काय चालायचं ते चालू दे, सीटीच्या टेबलावर माणसाने श्वास धरला नाही तर इमेज हलते, एवढंच आपल्याला माहीत. पाच-सहा वाक्यं पाठ कर: "उसिर तगोरी, हिडीरी", म्हणजे श्वास घ्या, धरा. "बिडरी", सोडा. "अलुगाडब्याड्री", हलू नका. "नोवु एल्ली ऐत्री?", कुठे दुखतंय? आणि "बसुरी इदीरेनु?", दिवस गेलेत का? एक्स-रे आणि सीटीच्या आधी हा शेवटचा प्रश्न विसरायचा नाहीच. उच्चार चुकला तर टेक्निशियन मामा हसतील, हसू दे, तेच शिकवतात शेवटी. टेक्निशियन आणि सिस्टरशी पहिल्या दिवसापासून नीट वाग, रात्री तीन वाजता मशीन अडलं तर तेच असतात तुझ्याबरोबर.

नाइट ड्यूटी. उसाचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या आणि त्यांना मागून धडकलेल्या मोटारसायकली, हेड इंज्युरीचे सीटी एकामागून एक. डोक्यात ब्लीड, पोटात रक्त, छातीत हवा साठलेली, असं काही दिसलं की रिपोर्ट टाइप करत बसू नकोस, आधी फोन कर, ज्याला सांगितलं त्याचं नाव आणि वेळ रिपोर्टात लिही. सकाळी "आम्हाला कुणी कळवलंच नाही" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, तेव्हा ती एक ओळ तुला वाचवते. टेम्प्लेट कॉपी-पेस्ट करताना जपून, पुरुषाच्या रिपोर्टात "गर्भाशय नॉर्मल" गेलेलं मी डोळ्याने बघितलंय. उजवं-डावं सही करायच्या आधी दोनदा वाच.

कॉन्ट्रास्ट (सीटीत नीट दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देताना तू खोलीत किंवा बाहेर काचेपाशी पाहिजेस, कँटीनला नाही. आधी ॲलर्जी, दमा, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) विचारायचं. पेशंटचा घसा आवळला, बीपी पडलं तर मोठ्या माणसाला ॲड्रिनलिन 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत, लगेच, मग बाकीच्यांना हाका. ट्रेमध्ये ॲम्प्युल आहे का ते ड्यूटी सुरू होताना स्वतः बघ.

एमआरआयचं मॅग्नेट कधीच बंद नसतं, लाइट गेली तरी नाही. 2018 च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एक नातेवाईक आत गेला आणि जीव गेला त्याचा. आपल्याकडे पातळाच्या निऱ्यांतली पिन, खिळा मारून दुरुस्त केलेली चप्पल, करगोट्याला बांधलेली किल्ली हे सगळं निघतं. फॉर्मवर टिक मारून चालत नाही, माणसाला उभं करून विचार, पेसमेकर आणि मेंदूतल्या ऑपरेशनची क्लिप तर आधी.

गरोदर बाईची सोनोग्राफी असली की फॉर्म एफ. रकाना रिकामा राहिला तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंग तपासणीला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली गुन्हा धरतात, "क्लार्क भरेल" म्हणून सोडू नकोस. कायदा 1994 चा, पहिल्या गुन्ह्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि कुंद्याचा डबा पुढे करत "डॉक्टर, नुसतं हसा की, आम्ही समजून घेतो" म्हणणारे भेटतात. हसायचं पण नाही.

स्वतःची काळजी. टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) छातीवर, लेड ॲप्रनच्या आत, दर तीन महिन्यांनी बदलून येतो. बेरियमच्या, एचएसजीच्या (गर्भाशय-ट्यूबचा एक्स-रे) खोलीत ॲप्रन अंगात असतो ना, निघताना बॅज त्याच्याबरोबर तिथेच टांगून येऊ नकोस, नाहीतर खोलीचा डोस तुझ्या नावावर. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30. ॲप्रन घडी घालून खुर्चीवर टाकू नकोस, आतलं शिसं तडकतं, हँगरला लाव. दिवस गेले असतील तर हेडला लवकर आणि लेखी सांग, ड्यूटी बदलून मागायला लाजायचं कारण नाही. सोनोग्राफीत रेडिएशन नाही पण खांदा जातो, खुर्ची वर घे, पेशंटला जवळ सरकव, कोपर अंगाजवळ ठेव.

तासांचं काय म्हणशील तर कागदावर छान आहे. 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी नियमात सलग बारा तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, 2023 च्या पीजी नियमात आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला वीस कॅज्युअल लीव्ह. मी पहिल्या वर्षी छत्तीस तास सलग केलेत आणि सुट्टी मागितल्यावर "आमच्या वेळी" ऐकलंय. भांडून फार होत नाही, पण ड्यूटीची तारीख आणि तास वहीत लिहीत जा, सुट्टीचा अर्ज तोंडी नको, आणि बॅचमधल्या सगळ्यांनी मिळून रोस्टर मागा, एकट्याने गेलं की तो एकटाच डोळ्यात भरतो.

थिसिसला इथे जे रोज येतं तेच घे, मुतखडा, मणक्याचा टीबी, हेड इंज्युरी. भारी नावाचा विषय घेऊन शेवटी केसेस शोधत फिरणारे खूप बघितलेत.

आणि एक छोटी वही वेगळी कर. रोजचे तीन-चार पेशंट, एमआरडी (रेकॉर्ड विभागाचा) नंबर, तू काय लिहिलंस. आठवड्याने वॉर्डात जाऊन बघ ओटीत काय निघालं, बायॉप्सीत काय आलं. सर्जरीवाले आधी वैतागतात, नंतर तेच फोन करून सांगायला लागतात, "ये, तुझं अपेंडिक्स उघडतोय".