फेलोशिपचा अर्ज: विषय मुठीत मावेल एवढाच घ्या

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप 25 ते 40 वयोगटासाठी, महिना 10,000 रुपये. चाळिशीपुढे सीनियर, 20,000. दोन्ही 2 वर्षांच्या. पण पैसे दरमहा येत नाहीत, सहामाही हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता अहवालावर अडतो. म्हणून विषय ठरवतानाच स्वतःला विचारा, सहा महिन्यांनी दाखवायला हातात काय असेल?

माझा पहिला मसुदा होता 'नाशिक जिल्ह्यातील लोककला'. सार्वजनिक वाचनालयात एका जाणत्या काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "अहो, हे दोन वर्षांत की दोन जन्मांत?" मग छाटत छाटत उरले सुरगाण्याकडचे बोहाड्याचे, म्हणजे देवदेवतांची सोंगं नाचवण्याच्या आदिवासी उत्सवाचे, मुखवटे. कोण कोरतं, रंग कसा चढवतात, जुना मुखवटा तडकला की त्याचं काय करतात. पहिल्या सहामाहीत तीन गावं, फोटो आणि मुलाखती. असं लिहिलं की वाचणाऱ्याला काम डोळ्यांसमोर दिसतं. (बोहाडा होळीनंतरच्या दिवसांतला. वेळापत्रकात तो श्रावणात टाकलात, तर जाणकार तिथेच अर्ज बाजूला ठेवेल.)

यंदाच्या अटी आणि मुदत सीसीआरटीच्या (ही फेलोशिप राबवणारी मंत्रालयाची संस्था) वेबसाइटवर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर नको.