फ्यू की अ फ्यू, मच की मेनी? या चुका टाळा, गोंधळ आपल्या मराठीतूनच सुरू होतो

मी सदाशिव पेठेत संध्याकाळी इंग्रजीची छोटी बॅच घेते. मागच्या महिन्यात बॅचमधल्या एका मुलीने मला तिचा मेल दाखवला, हिंजवडीला नवीनच जॉबला लागलीये ती, आणि परदेशातल्या क्लायंटला तिने लिहिलं होतं 'आय हॅव फ्यू क्वेश्चन्स'. समोरून उत्तर आलं की छान, मग उद्याच्या कॉलची गरज नाही. तिला तर पाच-सहा गोष्टी नीट विचारून घ्यायच्या होत्या! एक 'अ' राहिला आणि अर्थ पार उलटा झाला.

ही चूक मी सगळ्यात आधी सांगते कारण बाकीच्या चुकांमध्ये समोरच्याला निदान आपलं म्हणणं कळतं, इथे मात्र तो भलतंच समजून बसतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत. मुलांना हे पाठ करून राहत नाही, पण मराठीतला 'च' दाखवला की लगेच कळतं. 'थोडे लोक आले' आणि 'थोडेच लोक आले' यात आपण कधी गोंधळतो का? पहिलं 'अ फ्यू', दुसरं नुसतं 'फ्यू'. 'लिटल'चंही तसंच, फक्त ते मोजता न येणाऱ्या गोष्टींना लागतं. 'देअर इज अ लिटल मिल्क' म्हणजे थोडं दूध आहे, दोन कप चहा होईल, आणि 'देअर इज लिटल मिल्क' म्हणजे दूध संपल्यातच जमा आहे, खाली जाऊन पिशवी आणा. दोन ठिकाणी मात्र हा 'च' फसवतो. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे 'अ' असूनही थोडेच, आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे चक्क बरेच.

आता मूळ दुखणं. मराठीत 'किती' हा एकच शब्द सगळीकडे चालतो, किती माणसं, किती पाणी, किती गर्दी. 'खूप' तसंच, 'कमी' तसंच, 'थोडा'चं फक्त थोडी-थोडं-थोडे होतं. म्हणजे वस्तू मोजता येते का हा प्रश्न बोलताना आपल्या डोक्यात येतच नाही, आणि इंग्रजीत तोंड उघडायच्या आधी तोच प्रश्न सुटलेला लागतो, कारण मोजता येत असेल तर 'मेनी', 'फ्यू', 'फ्यूअर' आणि येत नसेल तर 'मच', 'लिटल', 'लेस'.

मग पोरं काय करतात, तर मराठीत अनेकवचन आहे ना, मग इंग्रजीतही असणार असं धरून चालतात. इथेच फसायला होतं. आपण 'पैसे' म्हणतो, ते अनेकवचन, म्हणून 'हाऊ मेनी मनी' तोंडातून निघतं, पण मनी मोजत नाहीत, रुपीज मोजतात, म्हणून 'हाऊ मच मनी' पण 'हाऊ मेनी रुपीज'. 'माझे केस गळतायत' याचं 'माय हेअर्स आर फॉलिंग' होतं, खरं तर डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर', एकवचनच, हां, आमटीत दोन केस सापडले तर 'टू हेअर्स' अगदी बरोबर. सल्ले, पुरावे, बातम्या, दागिने हे सगळे मराठीत बिनदिक्कत मोजतो आपण, पण इंग्रजीत ॲडव्हाइस, एव्हिडन्स, न्यूज, ज्वेलरी यांना 'मेनी' लागत नाही. 'न्यूज'च्या शेवटी तर 'एस' पण आहे, तरी 'द न्यूज इज गुड'. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ ज्वेलरी' असं म्हणायचं, जसं आपण दोन वाट्या साखर म्हणतो तसंच.

पण मराठी मदतही करते हो! आपण कधी 'माहित्या' म्हणतो का? स्वारगेटला उतरल्यावर 'माझी तीन सामानं' म्हणतो का? नाही ना, मग 'इन्फर्मेशन्स' आणि 'लगेजेस' पण कानाला तेवढेच खटकले पाहिजेत. आणि 'किती वेळ लागला' आणि 'किती वेळा गेलास' हा फरक तर इंग्रजीत जसाच्या तसा आहे, 'हाऊ मच टाइम' आणि 'हाऊ मेनी टाइम्स'. हे एक उदाहरण फळ्यावर लिहिलं की अर्ध्या बॅचचा गोंधळ तिथेच सुटतो.

ऑफिसवाल्यांनी तीन शब्द लिहून ठेवा, सॉफ्टवेअर, इक्विपमेंट, फीडबॅक. 'टू सॉफ्टवेअर्स' नाही, 'टू प्रोग्राम्स' किंवा 'टू पीसेस ऑफ सॉफ्टवेअर'. 'मेनी फीडबॅक्स' नाही, 'अ लॉट ऑफ फीडबॅक'. आणि शंका असेल तिथे 'अ लॉट ऑफ'च वापरा, दोन्हीकडे चालतं, फक्त क्रियापद नामाकडे बघून घ्यायचं, 'अ लॉट ऑफ पीपल आर' पण 'अ लॉट ऑफ ट्रॅफिक इज'. साध्या होकारार्थी वाक्यात नुसतं 'मच' तसंही अवघडल्यासारखं वाटतं, 'आय हॅव मच वर्क' असं सहसा कोणी बोलत नाही.

'लेस' आणि 'फ्यूअर'वर लोक फार भांडतात. मोजता येईल तिथे 'फ्यूअर' हा आग्रह 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज लेखकाने आपली पसंती म्हणून मांडला होता, पुढे लोकांनी त्याचा नियम केला, आणि 2008 मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केटने काउंटरवरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' पाट्यांच्या जागी 'अप टू टेन आयटम्स' लावायचं ठरवलं. परीक्षेत आणि ऑफिसच्या लिखाणात 'फ्यूअर मिस्टेक्स', 'लेस नॉइज' हेच लिहा. पण अंतर, पैसे आणि वेळ यांना आकडा असला तरी 'लेस'च, कात्रज 'लेस दॅन टेन किलोमीटर्स', बिल 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज'. इथे ओढूनताणून 'फ्यूअर' घालू नका.

'मिसळ वॉज टू मच टेस्टी' हे तर रोज ऐकते. 'टू मच' नामाला लागतं, विशेषणाला नाही. चव आवडली असेल तर 'व्हेरी टेस्टी', तर्री झेपली नसेल तर 'टू स्पायसी'. आणि 'वन ऑफ माय फ्रेंड' नाही, 'फ्रेंड्स', 'एव्हरी स्टुडंट्स' नाही, 'स्टुडंट'.

नाम मोजायचं की नाही हे कळतच नसेल तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, उघडा, तिथे शब्दाशेजारी 'सी' किंवा 'यू' छापलेलं असतं, सी म्हणजे मोजता येणारं. दोन्ही दिसले तर अर्थ बघा, 'पेपर' म्हणजे कागद असेल तर यू, वर्तमानपत्र असेल तर सी. आणि मेल पाठवायच्या आधी त्यात फ्यू, लिटल, मच, लेस हे चार शब्द सर्च करा, प्रत्येकाच्या पुढचं नाम बघा, मिनिटभराचं काम आहे. त्या मुलीने त्या दिवशी माझ्यासमोर बसूनच 'अ' घालून मेल परत पाठवला आणि दुसऱ्या दिवशी तिचा कॉल झाला, तब्बल पाऊण तास.