नर्सिंगची थिअरी वॉर्डात कुठे लागते? माझा नाशिकचा अनुभव

फर्स्ट इयरच्या पोरी सारख्या विचारतात, ताई त्या थिअरी मांडणाऱ्या नाइटिंगेल, हेंडरसन, ओरेम, वॉटसन कशाला पाठ करायच्या, वॉर्डात तर सलाईन लावा, बीपी घ्या, फाइली भरा एवढंच असतं. मीपण हेच म्हणायचे. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला, पण पेपर देऊन बाहेर पडलं की सगळं डोक्यातून साफ.

मग नोकरी लागली, फीमेल मेडिकल वॉर्ड, नाइटला आम्ही दोघी आणि ३४ पेशंट. तिसऱ्याच आठवड्यात सुरगाण्याकडची एक आजी आली, न्यूमोनिया. डॉक्टरांनी भरपूर पाणी पाजा म्हणून सांगितलेलं, पण आजी मान हलवायची आणि ग्लास तसाच. इनटेक-आउटपुट चार्टवर, म्हणजे पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं त्या नोंदीत, २४ तासांची लघवी जेमतेम ४०० मिली. मी नोट्समध्ये ठोकून दिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही'. सकाळी हॅन्डओव्हरला सीनियर सिस्टरने ते वाचलं आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "का पीत नाही, विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. लाज वाटली खरं तर.

ड्युटी संपल्यावर स्टूल ओढून बसले. आजीची बोली कोकणा, माझं मराठी तिला पुस्तकी वाटत असणार, म्हणून सुनेला मध्ये घेतलं. बराच वेळ आजी लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली, मग सुनेच्या कानात काहीतरी बोलली. निघालं ते असं की संडास पार पॅसेजच्या टोकाला, रात्री तिकडे जायची भीती, आणि बेडपॅन घ्यावा तर शेजारच्या बेडपाशी कुणाचे तरी पुरुष नातेवाईक बसलेले. मग पाणीच प्यायचं नाही, म्हणजे प्रश्नच मिटला!

हेंडरसनने सांगितलेल्या माणसाच्या १४ मूलभूत गरजांमध्ये दुसरी खाणंपिणं आणि तिसरी मलमूत्र विसर्जन, मी परीक्षेत एकाखाली एक लिहिलेल्या, पण एकीमुळे दुसरी अडते हे आजीने शिकवलं. बेड दाराजवळ हलवला, पडदा लावला, आणि दर तीन तासांनी तिने मागायच्या आत आपणच विचारायचं असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी लघवी ११०० मिली. औषध तेच होतं बरं का.

आता केअरिंगबद्दल. वॉटसनने १९७९ मध्ये मांडलेले दहा कॅरेटिव्ह फॅक्टर, म्हणजे काळजी घेण्याची सूत्रं, मला अजूनही जरा हवेतले वाटतात, खोटं कशाला बोलू. स्वॅन्सन या दुसऱ्या थिअरीवालीचं सोपं पडतं: पेशंटला ओळखा, सोबत रहा, त्याला जमत नाही ते करा, जमेल ते त्याच्याकडून करून घ्या, त्याची उमेद टिकवा. आणि ३४ पेशंटमध्ये वेळ कुठून आणायचा म्हणाल तर वेगळा वेळ मिळत नाहीच, इंजेक्शन देताना जी दोन मिनिटं असतात तीच. नावाने हाक मारा, हात लावायच्या आधी सांगा, आणि 'आलेच' म्हणालात तर खरंच या, नाहीतर म्हणूच नका. सीनियरच्या फाइलमधून केअर प्लॅन उतरवणं मात्र बंद करा, पकडलं जातं, मी पकडली गेलेय.

ओरेम म्हणते, पेशंटला जमेल तेवढी स्वतःची काळजी त्यानेच घ्यावी, न जमेल तिथे नर्सने. ती कळली नंतर मेल वॉर्डात, निफाडच्या एका द्राक्षवाल्या काकांमुळे. शुगर वाढलेली, डिस्चार्जनंतर घरी इन्सुलिन घ्यायचं. सिस्टरने टोचायचं आणि त्यांनी बघायचं असं चार दिवस चाललेलं, म्हणजे ज्याला स्वतःला जमू शकतं त्याचंही आपणच करत बसलो होतो. पाचव्या दिवशी सिरिंज त्यांच्या हातात दिली. पहिल्यांदा बुडबुडा आला, दुसऱ्यांदा १४ च्या जागी १६ युनिट ओढले, काका वैतागले, "फवारणीचं माप आजवर चुकलं नाही, हे काय चुकतंय!" मी म्हटलं काका हेही औषधाचं मापच आहे, टिचकी मारून बुडबुडा वर घालवा. तिसऱ्यांदा बरोबर. जाताना तीनदा बजावलं की बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) आहे तर सिरिंजही लाल टोपणाचीच घ्यायची, केशरी टोपणाची १०० ची असते, तिच्यावर माप बघून ओढलं तर डोस अडीचपट कमी जाईल.

काका म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आता आमच्या कृषी सेवा केंद्रवाल्यासारख्या बोलायला लागल्या."